खिंडीतून ताईकडे, स्वतः चालवून

४ मार्च
ठरलं. दहा तारखेला ताईकडे जायचं. फ्लाइंग क्लबचं छोटं विमान घेऊन, डोंगरातल्या खिंडीतून. लायसन्स मिळून महिना झाला, पण भावोजींच्या मते मला स्कूटरही धड चालवता येत नाही. आता बघतीलच. शेजारी बायको. ती लगेच हो म्हणाली. इतक्या लगेच का? लक्ष ठेवायला हवं.

६ मार्च
विमान चालवायला शिकवणाऱ्या मास्तरांना प्लॅन दाखवला. म्हणाले, पहाटे निघा, दुपारी डोंगरात वारा उसळतो. दुपारी विमान त्यांनाच हवं असणार. शिवाय म्हणे, दरीत मधोमध जाऊ नका, उजव्या कडेने जा, म्हणजे परत वळायला जागा राहते. डोंगराला चिकटून जा असं कोण सांगतं? यात काहीतरी काळंबेरं आहे. मी मधूनच जाणार. बायको सगळं नको तितकं मन लावून ऐकत होती.

८ मार्च
बायको मास्तरांशी फोनवर बोलत होती. मी आलो आणि तिने फोन ठेवला. विचारलं, तर म्हणे सहज केला होता. हसत असती तर समजलो असतो. हसत नव्हती.
संकल्प: कुणावरही विसंबायचं नाही.

१० मार्च, सकाळी अकरा
बायकोने पहाटेचा गजर दोनदा लावला, मी दोनदा बंद केला. हिला एवढी घाई कसली? हवामानवाला फोनवर म्हणाला, दुपारी खिंडीवर ढग येतील. भावोजींची ओळख कुठवर आहे बघा. गच्चीवरून पाहिलं. डोंगर लख्ख. निघतो.

१० मार्च, संध्याकाळ
घरीच आहे. वारा न सांगता आला. विमान सुपातल्या दाण्यांसारखं उडत होतं. समोर खिंड ढगात गडप. बायको म्हणाली, उजवीकडे घ्या. तिला देखावा बघायचा असेल म्हणून घेतलं. मग ओरडली, आता वळा. माझं ठरतच होतं. वळताना समोरचा कडा इतका जवळ आला की त्याच्यावरची झुडपं दिसली. मधोमध असतो तर काय झालं असतं, तो हिशोब करत बसणार नाही.

१२ मार्च
बायको बसने ताईकडे गेली. तिथून फोन आला. मी म्हटलं, आपण वेळेत वळलो ना. ती म्हणाली, मी वळायला लावलं. मग म्हणाली, तुम्ही कुणाचं ऐकणार नाही हे माहीत होतं, म्हणून कुठून आणि कधी वळायचं ते मास्तरांना विचारून ठेवलं होतं. भीती वाटत होती, पण तुम्हाला एकट्याला सोडवेना, म्हणून बसले.

मी विचारलं, परत बसशील का? म्हणाली, बसेन की. पुढे मास्तर आणि मी, तुम्ही मागे.

मागून डोंगर जास्त छान दिसतो, असंही म्हणाली. हे तिला कुणी पढवलं, ते शोधून काढलं पाहिजे.