दोन कानांचे आणि एका शनिवारवर्गाचे मृत्युपत्र

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चोपन्न, धंदा दस्तलेखन, व्यसन पक्षिनिरीक्षण, कोणाच्याही दडपणाखाली नसताना (पत्नी माहेरी गेली आहे) हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहितो. प्रकृती उत्तम आहे. तथापि कानांच्या डॉक्टरांच्या मते माझ्या श्रवणेंद्रियाचा वरच्या पट्टीपुरता देहान्त झालेला असून उर्वरित मी यथावकाश मागून जाईन. सबब ही पूर्वतयारी.

कलम १. राहते घर पत्नीचे. ते पूर्वीपासून तिच्याच नावे आहे. मी तेथे स्थलांतरित पक्ष्याप्रमाणे राहिलो. न्हाणीघराच्या झरोक्यावर मैनेची वहिवाट तिने तोंडी मान्य केली आहे: "तुमच्यापेक्षा तिचा पसारा कमी."

कलम २. थोरले बंधू अकरा वर्षे भर पंक्तीत विचारीत आले, "पाखरं दाखवून पोट भरतं का रे?" त्यांस माझी टोपी. तीवर सात जातींच्या पक्ष्यांचे अभिप्राय आहेत. धुऊ नये.

कलम ३. शनिवारच्या वर्गाची उत्पत्ती येणेप्रमाणे. कचेरीबाहेरील झाडाखाली दोन भावांचे वाटणीपत्र लिहीत असता वरून एक शिक्का नेमका दोघांच्या नावांमध्ये पडला. "अपशकुन!" थोरला ओरडला. त्याची चिमुरडी म्हणाली, "अपशकुन नाही बाबा, मैना आहे. पिल्लांना भरवतेय." मी वर पाहिले. ज्या झाडाखाली एकोणीस वर्षे बसलो, त्यास वरची बाजूही असते हे मला त्या दिवशी कळले. पुढच्या शनिवारपासून मी पोरे गोळा करू लागलो.

वर्गाचा नियम एकच: जे स्वतः पाहिले वा ऐकले नाही, ते वहीत लिहायचे नाही.

कलम ४. हा नियम मी दोन वर्षे मोडला. वटवट्या हा मुठीएवढाही नसलेला पक्षी. त्याचा बारीक स्वर मला ऐकू येईनासा झाला. मुलांच्या माना वळत, तिकडे मी हनुवटी रोखून "श्रवण करा!" अशी गर्जना करीत असे. गेल्या शनिवारी माना वळल्या, मी गर्जलो, आणि चौदा वह्यांत वटवट्या नोंदला गेला. तो माळ्याच्या सायकलीचा ब्रेक होता. पंधराव्या वहीत मात्र नोंद होती: "सायकल. नर की मादी, कळले नाही."

ही वही दातपडकीची. वर्गात आली तेव्हा पुढचे दोन दात नव्हते. आता तेरा वर्षांची आहे, दात पूर्ण आहेत, नाव तेच. वर्ग सुटल्यावर म्हणाली, "काका, तुम्हाला ऐकू येत नाही ना? वटवट्या ओरडला की मी केव्हापासून तुमच्या कोपराला हात लावून सांगतेय."

मला वाटे, पोर रस्ता ओलांडायला भिते.

मी म्हणालो, वर्ग विसर्जित.

"विसर्जित काय? शनिवारी आम्ही काय करायचं मग? दिसतंय ना तुम्हाला? तुम्ही बघा. ऐकते मी."

कलम ५. सबब दुर्बीण, शिट्टी आणि वर्गाचे श्रवणखाते दातपडकीस. मृत्युपत्र मृत्यूनंतरच अमलात येते, असे मी शेकडो पक्षकारांना दरडावून सांगितले आहे. हे कलम येत्या शनिवारपासून लागू. कोणास हरकत असल्यास मोठ्याने घ्यावी.

ठिकाण: झाडाखालचे टेबल. वार: शुक्रवार, तारीख शिक्क्याखाली झाकली गेली आहे.

सही: वटवट्याकाका (नाव मुलांनी ठेवले, पत्नीने कायम केले)

साक्षीदार १: शेजारच्या टेबलावरील मुद्रांकविक्रेता. न वाचता सही, नेहमीप्रमाणे.
साक्षीदार २: कानांचे डॉक्टर. "कान तपासले. मनाविषयी मत नाही."

ता. क. वरील शिक्का आत्ताच वरून पडला. कोणाचा, असे शाळा सुटून टेबलाशी आलेल्या दातपडकीस विचारले. "वटवट्या, काका. ओरडतोय अजून."

या खेपेस मी हनुवटी रोखली नाही. विचारले, "कसा गं?"

तिने आवाज जाड करून, माझ्या कानाशी येऊन, तीनदा ओरडून दाखवले. ऐकले. वहीत लिहिले.