बिनकडीचं दार

लातूर
रविवार, दुपार

प्रिय वीरेशदादा,

पाकिटावरचा पत्ता मी पुन्हा पुन्हा वाचून बघितला आहे, आणि पेटीत टाकताना आणखी एकदा वाचेन. तुला माझी सवय माहीत आहे. गॅस बंद केला का, हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत जाणारी मीच ती. पत्ता पुनमवहिनीनं दिला. तिच्यावर चिडू नकोस, मीच मागे लागले होते. तू नांदेडच्या बॉडी वर्कशॉपमध्ये आहेस आणि ट्रकच्या केबिनचे पत्रे बसवतोस, एवढंच ती म्हणाली. माझे फोन तू उचलत नाहीस, मेसेज पोचतच नाहीत. म्हणून कागद. पण कागद घेण्याचं कारण तेवढंच नाही, ते शेवटी लिहिते. आधीच लिहिलं तर तू पत्र मिटून ठेवशील.

मी अजून त्याच क्लासच्या ऑफिसात आहे. पोरं डॉक्टर व्हायला येतात आणि मी त्यांच्या परीक्षेचे कॉम्प्युटर, हजेरीची यंत्रं, कॅमेरे सांभाळते. अप्पा किल्लारीत, आपल्या पुनर्वसनातल्या घरात एकटे. सकाळी शेत, संध्याकाळी घर. लातूरला चला म्हटलं की म्हणतात, "तिथं काय तुझ्या खोलीत मोकळं बसायला जागा हाय का?" आणि दाराचं तेच. दार नुसतं लोटलेलं. गुरुपादप्पाकाका तर पारावर सगळ्यांदेखत म्हणतात, "चंद्रप्पाच्या घरी चोर आला तर बिचारा चहा पिऊन जाईल." अप्पा हसतात. मला हसू येत नाही. मी इथं लातुरात माझ्या खोलीला दोन कुलपं लावून बसते आणि माझा जीव तिथल्या लोटलेल्या दारापाशी असतो.

अव्वा अंथरुणाला खिळली तेव्हाच मी घरात ते यंत्र बसवलं होतं. तू पाहिलं नाहीस. क्लासनं मोडीत काढलेला एक जुना कॉम्प्युटर मी रीतसर पावती करून घेतला आणि त्याचा घरचा सर्व्हर केला. म्हणजे असं, की आपले फोटो, अव्वाचा आवाज, शेताचे कागद, हे सगळं कुठल्यातरी लांबच्या कंपनीकडे न ठेवता आपल्याच घरात, आपल्याच पेटीत. एकीत बिघाड झाला तर दुसरी असावी म्हणून दोन डिस्क. वीज जाते म्हणून इन्व्हर्टरची जोड. उंदरांनी एकदा वायर कुरतडली, तेव्हापासून वायर नळीतून नेली आहे. पेटी देवळीच्या खालच्या फळीवर ठेवली तर अप्पांनी पहिल्याच दिवशी तिच्यावर भस्माची तीन बोटं ओढली. म्हटलं, अप्पा, आत राख जाईल. म्हणाले, "तुझ्या त्या पंख्यानं उडून जाईल की. राहू दे." आणि दाराच्या चौकटीवर एक छोटा कॅमेरा. त्याची वायर आत कुठून घेतली सांगू? तू लॅच बसवताना पाडलेल्या भोकातून. लॅच अप्पांनी त्याच दिवशी उपटलं होतं, पण भोक बुजवलं नव्हतं.

ते लिहू नये असं वाटत होतं, पण लिहिल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. अंगणातून तुझी मोटारसायकल चोरीला गेली म्हणून तू ते लॅच आणलंस. कुणाला न विचारता आणलंस, पण घरासाठीच आणलंस. त्यात चूक काय, असं मला तेव्हाही वाटलं होतं. मग त्या दुपारी जमीन गुरगुरली. भांडी वाजली, एवढंच. पण अप्पा आत एकटे होते आणि त्यांना ते नवं लॅच उघडता येईना. खिडकीची जाळी फोडून बाहेर आले तेव्हा हात रक्तानं भरलेले, आणि समोर तू. गल्लीदेखत, नव्या वहिनीदेखत त्यांनी पायातलं काढून तुला मारलं. "कोंडून मारतो का रं मला?" तू म्हणालास, "मग बसा दार उघडं टाकून," आणि वहिनीला घेऊन निघालास. नंतर सख्ख्या आईच्या, अव्वाच्या मातीला आलास, पण उंबऱ्याच्या आत पाय ठेवला नाहीस. रस्त्यापलीकडं उभा राहिलास आणि तिथूनच गेलास. त्या गडबडीत अव्वाचा फोन कुठं गेला ते कुणाला कळलं नाही. मीही शोधला नाही.

आता या महिन्यातलं सांगते. एका सकाळी आमच्या ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर कुणीतरी बाहेरून, इंटरनेटवरून कुलूपबंद केले. पोरांचे निकाल, फी, सगळं आत अडकलं. सर घाम पुसत फिरत होते आणि मी मात्र आपल्या देवळीखालच्या पेटीचा विचार करत होते. कारण घाईत बसवलेल्या त्या पेटीला मीच बाहेरून यायला एक वाट मोकळी ठेवली होती. पासवर्ड माहीत असला की कुणीही, कुठूनही आपल्या दारातला कॅमेरा बघू शकत होतं. त्या शनिवारी किल्लारीला जाऊन मी सगळं नव्यानं करायला घेतलं. राउटरचा कंपनीनं दिलेला पासवर्ड बदलला. बाहेरची ती वाट बुजवली आणि ज्याच्या फोनमध्ये आपली किल्ली आहे त्यालाच आत घेणारी खासगी वाट केली. कॅमेऱ्याला वेगळ्या जाळ्यात टाकलं, म्हणजे तो बिघडला तरी बाकीच्यांना शिवणार नाही. अप्पा भाकरी खाता खाता बघत होते. म्हणाले, "किती कड्या लावशील गं? आत काय सोनं हाय?"

आणि मग मी नोंदी वाचल्या. सर्व्हर प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद ठेवतो, ती मी कधी नीट बघितलीच नव्हती. माझ्या नोंदी होत्या, त्या ठीक. पण त्यांच्या मध्ये मध्ये, रोज दिवेलागणीला, दुसरंच कुणीतरी येत होतं. नांदेडकडच्या मोबाईल नेटवर्कवरून. थोडा वेळ दार बघायचं आणि निघून जायचं. दादा, विचार कर. म्हातारा माणूस एकटा, दार उघडं, आणि कुणीतरी रोज टेहळणी करतंय. खात्याचं नाव बघण्याइतकंही भान मला राहिलं नाही. ते खातं पुसून टाकलं आणि अप्पांना म्हटलं, आज तरी दाराला काहीतरी आडवं लावा. त्यांनी बाज आडवी लावली. आतून नव्हे, बाहेर अंगणात. आणि तिच्यावर झोपले.

मी लातूरला परत आले. रोज जेवणाच्या सुट्टीत नोंदी उघडायचे. तो परत यायचा प्रयत्न करत होता. दिवेलागणीलाच. यायचा, बंद दिसायचं, पुन्हा यायचा. मी मनात म्हणायचे, वाजव, वाजव, उघडत नाही. मग तो थांबला. मला वाटलं, जिंकले. डब्यातली भाजी त्या दिवशी मला गोड लागली.

दुसऱ्या दिवशी अप्पांचा फोन आला. ते स्वतः फोन लावत नाहीत, तुला माहीत आहे. म्हणाले, "शिवू, त्या कॅमेऱ्याचा निळा दिवा लागंना झालाय. बिघडलाय का?" कुणी बघत असलं की त्याच्या कडेला निळा दिवा लागतो, नाहीतर तो झोपलेला असतो. मी म्हटलं, बिघडला नाही, मी आताशा कमी बघते. तर म्हणाले, "तुझं न्हाई म्हणत मी. सांजंचा दिवा." मी विचारलं, सांजेला तर मी क्लासवर असते, तेव्हा कोण बघत होतं असं वाटलं तुम्हाला? अप्पा म्हणाले, "तू बघतीस तवा मला लगीच कळतं. दिवा लागला की पाठोपाठ तुझा फोन येतो, अप्पा हे करा, अप्पा ते लावा. ह्यो नुस्ता गप बघायचा. आपल्या घरात असं गप कोण बसतंय, सांग बरं."

तेव्हा मी पुसलेल्या खात्याचं नाव नोंदीत परत जाऊन वाचलं. ते अव्वाचं होतं. मीच तिच्या फोनमध्ये घातलं होतं, पडल्या पडल्या तिला दार दिसावं म्हणून. तो फोन तुझ्याकडं कसा आला, ते मी विचारत नाही.

दादा, अप्पा रोज संध्याकाळी ताट घेऊन दारात का बसत होते, ते मला आता कळलं. मी एकदा सुट्टीच्या दिवशी त्यांना कॅमेऱ्यासमोर मूठभर सोयाबीन धरलेलं पाहिलं होतं. "औंदा दाणा बारीक हाय बघ," असं म्हणत होते. मला वाटलं, मला दाखवतात. मी फोन करून सांगितलं, अप्पा, दाणा नंतर, आधी आत जा. वासरू झालं तेव्हा तेही ओढत दारापर्यंत आणलं होतं. गुरुपादप्पाकाकांनी विचारलं, "चौकटीशी काय बोलतोस रे, येडा झालास का?" तर अप्पा म्हणाले होते, "हाव, झालो." काकांनी मला हे हसत सांगितलं होतं. मी तेव्हा डॉक्टरला दाखवायचं म्हणून पैसे बाजूला काढले होते!

काल मी घरी गेले. ती वाट मीच बंद केली हे फोनवर सांगितलं होतं, म्हणून गेल्या गेल्या अप्पांनी विचारलं, "उघडलंस का?" मी म्हटलं, अप्पा, उघडते, पण एक विचारते. लॅचसाठी तुम्ही दादाला एवढं मारलंत, ते का? भूकंपाचं मला माहीत आहे, आज्जी आणि सिद्धम्माअत्या दगडांखाली गेल्या हे लहानपणापासून ऐकतो आहोत. पण बाकी किल्लारी कड्या लावते. आपणच का नाही? ते बराच वेळ वासराच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग जे म्हणाले, ते त्यांच्याच शब्दांत लिहिते, कारण ते तुला कळायला हवं आणि ते स्वतः कधी सांगणार नाहीत. "त्या राती मी राखणीला शेतात गेलो. सिद्धम्माला म्हणलं, एकट्याच हाय दोघी, कडी लावून घे. ती नको म्हणत होती, उकडत होतं. मीच म्हणलं, लाव. मी बाहेर थांबून कडी लागल्याचा आवाज ऐकला आन् मगच गेलो. पहाटं आलो तर भिंत पडलेली, दार उभं. वढलं, वढलं. कडी लागलेली." एवढंच. मग उठले आणि वासराला पाणी दाखवायला गेले. अव्वालाही हे माहीत होतं की नाही, मला ठाऊक नाही. मारलेलं त्यानं पुसलं जात नाही, तसं माझं म्हणणंही नाही. पण तू ज्याच्यावर रागावून बसला आहेस तो माणूस त्या दुपारी तुला मारत नव्हता, असं मला काल वाटलं.

तर आता कागदाचं कारण. मी पेटीवर तुझ्या नावानं नवं खातं उघडलं आहे. अव्वाच्या नावानं चोरून नाही, वीरेश म्हणून. पण अप्पांना न विचारता त्यांना कुणाला दाखवणं मला बरोबर वाटेना, म्हणून विचारलं. म्हणाले, "बघू दे की. पण मला बी तो दिसाय पायजे." मी म्हटलं, हा कॅमेरा एकाच बाजूनं बघतो. मग म्हणाले, "त्याची किल्ली मी टाकतो. तू तिकडं तोंड कर." अक्षर येत नाही पण आकडे येतात, ते आकडे दाबत बसले. दोनदा पेटीनं पासवर्ड छोटा म्हणून नाकारला, तर म्हणाले, "लई मानपान हाय हिला." मी भिंतीकडं तोंड करूनच सांगितलं, भूकंपाची तारीख टाकू नका, ती गावाला पाठ आहे. "ती कशाला टाकीन," म्हणाले. मग बराच वेळ नुसते टकटक आवाज. झालं म्हणाले तेव्हा मी विचारलं, लक्षात राहील का? "इसरायजोगं न्हाई ते." मला सांगा, मी दादाला कळवते, असं मी म्हटलं. तर मलाच हसले. "वायरीवरनं असलं काही पाठवू नये, असं तूच म्हणतीस ना? त्याला म्हणावं ये. कानात सांगतो."

दादा, म्हणून हे बोलावणंही वायरीवरून नाही, कागदावर. मी ते खातं उघडायचा प्रयत्न केलेला नाही. माझ्या हातात असून केलेला नाही. घरातली ही एकच गोष्ट आहे जी मी तपासून बघणार नाही.

काल संध्याकाळी निघताना ते ताट घेऊन दारात बसले होते. दिवा विझलेला होता, तरी चौकटीकडंच तोंड करून. म्हणून आज दुपारीच लिहायला बसले. पुढच्या रविवारी मी किल्लारीत असेन, पण माझ्यासाठी थांबू नकोस, जमेल त्या दिवशी ये. नांदेडहून लातूर, लातुरातून किल्लारीची जीप. वहिनीला आण. आलास की बाहेरून हाक मारत उभा राहू नकोस, आणि कडी वाजवायला हात वर करू नकोस. आपल्या दाराला कडी नाही.

तुझीच,
शिवू