जनाबाईला न्यायची व्हॅन

अड्याळ, ८ ऑक्टोबर २०२४

ती. ताईस,
धाकट्या तुलारामचा शि. सा. नमस्कार. वि. वि. तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून पत्र. डॉक्टरांनी औषधं थांबवून तुला घरीच ठेवायला सांगितलं, हे तुझ्या लेकाने, मनिषने कळवलं. पण जनाताई, भाऊबीजेला तुला इथे आणणार म्हणजे आणणारच. व्हॅनची मागची सीट काढून गादी टाकतो, आडवी पडून ये.

फक्त व्हॅन रुसली आहे. खड्ड्यात खालून खटखट वाजते, स्टिअरिंग फिरवलं तरी चाकांना पत्ता नसतो, वर गाडी डावीकडे जाते. शहापूरच्या अश्वजित मिस्त्रीने आधी चाकांचं अलाइनमेंट केलं, मग चाकांना जोडलेल्या टाय रॉडचे एंड बदलले. फरक शून्य. शेवटी खाली शिरून स्टिअरिंगची रॅक, म्हणजे चाकं वळवणारी दांडी, हलवून पाहिली, तर तीच खिळखिळी. तिचं रबर फाटून आत गाळ भरलेला. पोळ्याला बैलांसोबत मी व्हॅनही तलावात धुतो ना, त्याचा हा प्रसाद! रुखमा आता मलाच बैल म्हणते. नागपूरहून दुसरी रॅक मागवली आहे.

माया असू दे.
तुझा तुलाराम

एकोडी, १३ ऑक्टोबर

चि. तुलारामास,
अनेक आशीर्वाद. तुझ्या बायकोचं म्हणणं मला पटलं. पोटातलं दुखणं आता उठू देत नाही. फार दिवस उरले नाहीत, हे मला कळतं. एकदा माहेरी, आपल्या घरी यायचं आहे, दुसरं काही मागणं नाही. भाड्याच्या गाडीला मनिष तयार नाही. लेकीला न्यायला भाऊच यावा, ही आपल्याकडची रीत तो धरून बसला आहे. तेव्हा तूच ये.

रुखमाला आशीर्वाद. वाट पाहते.
तुझी ताई

अड्याळ, २२ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार. रॅक बसली. खटखट गेली, स्टिअरिंग घट्ट झालं. तरी गाडी डावीकडेच! मी अश्वजितवर तडकलो. त्याने स्वतः चालवून दाखवली, अगदी सरळ गेली. मग मला बसवलं. डाव्या कडेचा दगड मला दिसलाच नाही. तो हळूच म्हणाला की बाबा, गाडीले काई नाई झालं, तुमीच डावीकडे नेऊन राहिले.

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी तपासलं. मेंदूला झटका येऊन गेला आहे. डावीकडचं दिसणं गेलं, ते परत येणार नाही म्हणतात. गाडी कायमची बंद, सध्या प्रवासही बंद. ताई, मी तुला न्यायला येऊ शकत नाही. खूप रडलो. व्हॅन विकायला काढली आहे.

राग धरू नकोस.
तुलाराम

एकोडी, २७ ऑक्टोबर

चि. तुलारामास,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचून दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडले. मग मनिषला बोलावलं. व्हॅन विकू नकोस. अश्वजितला चालवायला सांग, सोबत रुखमाला पाठव.

मनिष चिडला. न्यायले भाऊ नाही, लोक का म्हनतील, असं म्हणाला. वर, तिकडेच काही झालं तर? लेकीनं सासरीच डोळे मिटावेत म्हणे. या घरात माझा जन्म गेला, आता एवढं तरी माझ्या मनासारखं होऊ द्या, असं मी त्याला सांगितलं. तो रडत बाहेर गेला, पण नाही म्हणाला नाही.

मी परत जाण्यासाठी येत नाही, हे रुखमाला आधीच सांगून ठेव. आणि माझी खाट तुझ्या उजव्या बाजूला टाक, म्हणजे तुला मी दिसेन.

येतेच.
तुझी ताई