रविवारची शिकवणी आणि माझं तोंड

ती. स्व. वन्संना,

वाकून नमस्कार. (गुडघ्यामुळे हल्ली वाकणं कागदावरच जमतं, तेव्हा इथे अगदी जमिनीला टेकले आहे असं समजावं.) तुमचं डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं, जीव भांड्यात पडला. पट्टी सुटली असेल तर हे पत्र स्वतः वाचा. सुटली नसेल तर जो कोणी वाचून दाखवेल त्याला हळू आवाजात वाचायला सांगा, कारण मजकूर लाजिरवाणा आहे. मी जेमतेम चौथी शिकलेली आणि तुमचा जन्म शाळेतल्या वह्या तपासण्यात गेलेला. पण मागच्या खेपेसारखं माझं पत्र तांबड्या शाईने दुरुस्त करून परत पाठवू नका. या वेळच्या चुका अक्षरांच्या नाहीत.

आधी आनंदाचं सांगते. आपल्या नातीला परदेशातली ती मोठी शिष्यवृत्ती मिळाली. साऱ्या जगातून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी वकिलीची मुलं निवडतात, त्यात आपली. मी वाण्याला सांगितलं, औषधांच्या दुकानात सांगितलं, चुकून आपल्याकडे फोन लागलेल्या एका गृहस्थांनाही सांगितलं. ते बिचारे अभिनंदन म्हणाले आणि मग विचारलं, पाण्याचा टँकर कधी येणार. तर असा आनंद चालला होता. तो तसाच घरात बसून केला असता तर हे पत्र एका पानात संपलं असतं.

इथे कायद्याची कॉलेजं दोन, एक टेकडीवर आणि एक बाजारात. दोघांचा धंदा मुलांना भांडायला शिकवण्याचा, पण मुलं तयार होईपर्यंत धीर निघत नाही म्हणून कॉलेजंच भांडतात. दोन्हीकडे दारातच काळा दगडी फलक आहे, त्यावर ही शिष्यवृत्ती मिळवणाऱ्यांची नावं सोनेरी अक्षरांत. टेकडीवाल्यांचं एक नाव जास्त आहे. (ते नाव म्हणे सहा महिने शिकून पळून गेलेल्या मुलाचं आहे. हे बाजारवाल्यांनी मला सांगितलं, मी न विचारता.) आपली नात पहिली दोन वर्षं टेकडीवर होती. तिथे नकली खटल्यांच्या स्पर्धेला प्राचार्यांनी हिला डावलून स्वतःच्या भाच्याला पाठवलं, तेव्हा ही तडक दाखला घेऊन बाजारात आली आणि पदवी तिथून घेतली. मग आता नाव कोणाच्या फलकावर? दोन्ही प्राचार्य एकाच संध्याकाळी आपल्या घरी. एकाने चहा घेतला म्हणून दुसऱ्याने घेतला नाही, दुसऱ्याने पाणी मागितलं म्हणून पहिल्याने ग्लास सरकवून ठेवला. नातीने दोघांना सांगितलं की मला दोघांनीही शिकवलं, मी कोणाच्याच सत्काराला येणार नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि आजी, तूही जायचं नाहीस." मी हो म्हटलं. ती व्हिसाच्या कामाला परगावी गेली आणि दुसऱ्याच दिवशी टेकडीवाल्यांची गाडी दारात उभी राहिली. नात नाही तर आजी चालेल म्हणाले. आता आलेली गाडी रिकामी कशी पाठवायची, तुम्हीच सांगा. मी ठेवणीतले कपडे घातले.

भाषण दोन शब्दांचं करायचं ठरवून गेले होते, खरंच. पण समोर एवढी माणसं, गळ्याशी माइक, आणि मी 'नमस्कार' म्हटल्यावरच टाळ्या. वन्सं, आपल्या घरात माझ्या नमस्काराला कधी कोणी टाळ्या वाजवल्यात? वाटलं, यांना काहीतरी भरघोस द्यावं. तिसऱ्या रांगेत घटनेच्या बाई बसल्या होत्या. (घटना म्हणजे देशाचा सगळ्यात मोठा कायदा, तो त्या शिकवतात म्हणून पोरं त्यांना तसं म्हणतात. म्हाताऱ्या आजारी वडिलांना एकट्या सांभाळतात, घर त्यांच्याच पगारावर चालतं.) त्यांना पाहून मला भरून आलं आणि मी बोलून बसले. म्हटलं, दोनच वर्षं काय म्हणता, नात बाजारात गेल्यावरसुद्धा दर रविवारी तुमच्या या बाईंनी तिला स्वतःच्या जेवणाच्या टेबलाशी बसवून शिकवलं, मुलाखतीची तयारीही यांचीच, तेव्हा सगळं श्रेय टेकडीचं. आणि टाळ्यांसाठी थांबले. एकही टाळी आली नाही. बाई पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. प्राचार्यांचं हसू तोंडावर होतं तिथेच राहिलं, पण डोळे त्यातून निघून गेले.

कारण टेकडीवाल्यांचा कडक नियम आहे की बाजारच्या पोराला इथल्या कोणी एक अक्षर शिकवायचं नाही. बाई चोरून शिकवत होत्या. नातीने मला शपथ घातली होती. तुम्ही म्हणाल विसरलीस. वन्सं, विसरले नव्हते. आठवत होतं, आणि आठवत असतानाच बोलत होते. लाज वाटते ती याचीच.

दुसऱ्या दिवशी बाजारवाल्यांची गाडी आली. त्यांनी तर दारावर 'आमच्या खास मार्गदर्शन केंद्राचं यश' असा मोठा कापडी फलक लावलेला आणि माझं टेकडीवरचं भाषण तोवर त्यांच्यापर्यंत पोचलेलं. मी म्हटलं, चला, इथे सारवासारव करता येईल. उभी राहिले आणि सांगितलं की बाई काही शिकवत बिकवत नव्हत्या, रविवारी नुसत्या गप्पा आणि चहा, पोरगी परत यायची ती कोरीच. इथे मात्र टाळ्या पडल्या. कोणीतरी दोन्ही भाषणं मोबाइलवर एकामागोमाग एक जोडून गावभर पाठवली. आदल्या दिवशी बाईंनी सगळं केलं, दुसऱ्या दिवशी काहीच केलं नाही, आणि दोन्हीकडे कपडे तेच.

नात परत आली. पिशवीही खाली न ठेवता विचारलं, "आजी, मंगळवारी दुपारी कुठे होतीस?" मी म्हटलं, दातांच्या डॉक्टरकडे. "दातांचे डॉक्टर पेशंटला गुच्छ देतात?" कोपऱ्यातल्या बादलीत तो होता. मी म्हटलं, चांगले असले तर देतात. मग तिने मोबाइल पुढे धरला. "हा आवाज कोणाचा?" बाजारवाल्यांनी काय शिकवलं ते मला माहीत नाही, पण उलटतपासणी मात्र तिला फार छान येते. मला शरमेने घाम फुटला होता आणि आतून अभिमानही वाटत होता. तेव्हापासून ती 'गोळी घेतलीस का' आणि 'गॅस बंद कर' एवढंच बोलते. पुढच्या महिन्यात विमानात बसेल. म्हणाली, बाईंची साधी, सरळ माफी मागून ये, मग बोलू.

बाईंना नोटीस आली होती. नोकरी गेली असती, पण बाजारवाल्यांनी त्यांना आपल्याकडे नोकरीला न्यायला गाडी पाठवली (गाड्या फार आहेत त्यांच्याकडे), आणि हे कळताच टेकडीच्या प्राचार्यांनी नोटीस फाडून टाकली. वर जाहीर केलं की बाईंची रविवारची शिकवणी ही आमच्याच कॉलेजची योजना होती, आता ती सगळ्यांसाठी. म्हणजे नोकरी वाचली आणि रविवार गेला. वडिलांना उन्हात नेऊन बसवायचा त्यांचा तेवढाच एक वार होता. परवा त्या नातीला भेटायला आल्या, मला म्हणाल्या, "आजी, टेकडीवर तुम्ही तरी काय खोटं बोललात?" त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर मी रात्री झोपले असते.

बाकी सगळं ठीक. डोळ्यांत थेंब वेळेवर घाला. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची,
वहिनी

ता. क. पत्र लिहिण्याचं कारण राहिलंच. माफी मागायला मी बाईंच्या घरी जाऊन आले आहे, दोनदा. दोन्ही वेळा 'बाई, चुकलं माझं' इथपर्यंत बरोबर जाते, पुढे त्यांचा चेहरा बघितला की त्यांची स्तुती सुरू होते, ती थांबतच नाही. दुसऱ्या वेळी शेजारच्या बायका बाहेर येऊन ऐकत उभ्या राहिल्या आणि एकीने आपल्या मुलाला शनिवारी पाठवू का म्हणून विचारलं. तेव्हा वन्सं, तुम्ही मला माफी लिहून पाठवा. मी ती समोर धरून वाचीन आणि घरी येईन.

ता. क. बाजारवाल्यांचा परत फोन आला होता, फलकावरचं नाव उघडायला आजीच हव्या म्हणून. मी नाही म्हटलं. गाडी पाठवतो म्हणाले, तेव्हा कळवते म्हटलं. हे नातीला सांगू नका.

ता. क. माफी चारच ओळींची लिहा. पाचवी दिलीत तर सहावी मी जोडीन.