न बिघडणारा कॉम्प्युटर

२८ डिसेंबर, शनिवार
लेकीने आज माझा कॉम्प्युटर पार पुसून टाकला! फडक्याने नव्हे, तो मी रोज पुसतो. आतली जुनी सिस्टीम काढून पेनड्राइव्हवरून लिनक्स बसवली. म्हणाली, "पप्पा, ही हलकी आहे, फुकट आहे, आणि नवशिक्यांसाठीच बनवलीय." नवशिका म्हणजे मी. तेहतीस वर्षं पाटबंधारे खात्यात फायली हलवल्या, कोणाची असं म्हणायची हिंमत झाली नव्हती.
पण कमाल आहे हं. बारा वर्षांचं खोकं चहा गाळायच्या आत सुरू होतं. मेनूसुद्धा मराठीत! नंदा असती तर म्हणाली असती – तुमच्यापेक्षा हाच आधी उठतो. दोन वर्षं झाली तिला जाऊन.

३० डिसेंबर
कल्याणीला स्वारगेटला हैदराबादच्या बसमध्ये बसवून आलो. वारज्याला परतताना बसायला जागा होती, तरी उभाच राहिलो. घर फार नीट आवरून गेलीय पोरगी. बघवत नाही.

५ जानेवारी, रविवार
फोन आला. जयभीम झालं. "जेवलात?" "जेवलो." "कॉम्प्युटर?" "उत्तम!" मग ती गप्प, मी गप्प. दीड मिनिटात फोन संपला!
आधी दर रविवारी तासभर चालायचं. खोकं अडकायचं आणि ती तिकडून वाट दाखवायची – "डावीकडे खाली बघा पप्पा. नाही, तुमचं डावं!" ते पुन्हा सुरू होईपर्यंत काय काय सांगायची. मेसची डाळ, ऑफिसातली भांडणं, आईची साडी नेसले होते म्हणून. नंदा होती तेव्हा मी फोन उचलून "घे, आईशी बोल" एवढंच म्हणायचो. ती गेल्यावर आम्हा बापलेकीचं बोलणं त्या बिघाडावरच चाललं होतं. हे आज कळतंय.

१२ जानेवारी, रविवार
एक मिनिट दहा सेकंद.

१५ जानेवारी
बिघडावा म्हणून प्रयत्न केले. वीस खिडक्या एकदम उघडल्या. चालू असताना वायर उपटली. परत लावली – पठ्ठ्या हजर!
खालच्या मजल्यावरचे रंगराव म्हणाले, "सगळं व्यवस्थित चाललंय, मग चेहरा सुतकी का?" त्यांना काय सांगणार. पोरीचा आवाज ऐकावासा वाटतो. रोज वाटतो. नुसतंच फोन करून हे म्हणायला जीभ वळत नाही.

१९ जानेवारी, रविवार
खोटं बोललो. "कॉम्प्युटर बंद पडलाय," म्हटलं. चाळीस मिनिटं मिळाली! समोर खोकं मजेत चालू, आणि मी आपला "हो, दाबलं... नाही, काही होत नाही." मधे म्हणाली, घर बदलतेय, लहान खोली बघितलीय. मग विचारलं, "स्क्रीनवर नेमकं काय दिसतंय?" मी दिलं ठोकून – निळी स्क्रीन, वर रडका चेहरा.
 ती हळूच म्हणाली, "पप्पा, ते जुन्या सिस्टीममध्ये यायचं. यात येत नाही."
"असं होय," म्हटलं आणि फोन ठेवून दिला. या वयात पोरीने चोरी पकडली! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२३ जानेवारी
तिचा फोन नाही. मीही केला नाही. दोनदा नंबर काढून ठेवला फक्त.

२६ जानेवारी, रविवार
सकाळीच फोन. मी तोंड उघडायच्या आत कल्याणी म्हणाली, "पप्पा, खोटं मीपण बोलले. माझी नोकरी नोव्हेंबरातच गेली. तेच सांगायला घरी आले होते. तोंडातून निघेना, म्हणून तुमचा कॉम्प्युटर घेऊन बसले."
म्हटलं, "बोल बाळा. मी ऐकतोय. फोन ठेवू नकोस."