त्या दिवशी मी प्रॉस्पेर होतो

रोकमोर,
१४ नोव्हेंबर १९८४

प्रिय प्रॉस्पेर,

डोळ्यावरची पट्टी निघाली आणि आता तुला पेपरही वाचता येतो, असं ओदील परवा फोनवर म्हणाली. ऐकून जीव भांड्यात पडला. माझं अक्षर पेपरासारखं सरळ नाही, तुला ठाऊकच आहे. तरी हे पत्र स्वतःच वाच. लेकीकडून वाचून घेऊ नकोस.

इकडे सगळं चाललंय. द्राक्षं पावसाआधी उतरवून झाली. वाइन बरी होईल असं म्हणतात, दरवर्षीच म्हणतात. सिदोनीची कंबर धरलीय, तोंड मात्र शाबूत आहे. तिचा निरोप: "शहरातलं सॉसेज खाऊ नका म्हणावं, त्यात मांसापेक्षा पाव जास्त असतो." माझा गुडघा थंडी पडायच्या आदल्या दिवशी वर्दी देतो. तेवढाच त्याचा उपयोग उरलाय.

रविवारी रग्बीच्या मैदानावर गेलो होतो. आपली पोरं हरली. स्क्रमच्या रेटारेटीत डोकी खुपसून बसतात आणि चेंडू बाहेर आला की दचकतात. कुंपणापाशी शेजारच्या वीलसेक गावचा फुल्क्रां खाटिक भेटला. आता काठी घेऊन चालतो, पण जीभ तीच. मला बघून लांबूनच ओरडला, "काय रे, आज कोणाच्या नावाने आलास?" सगळे हसले. मग त्याने बासष्ट सालचा तो सामना काढला आणि मला घरी यायला अंधार पडला.

तेव्हापासून जुनंच डोक्यात घोळतंय.

तुला आठवतं, आपण दोघं गावाच्या पंधरा गड्यांच्या रग्बी संघात होतो, तू नऊ नंबर, मी दहा? तू चेंडू न बघता मागे फेकायचास आणि मी तिथे असायचोच. बाबा क्लबचे अध्यक्ष. दिवसभर तू त्यांच्या हाताखाली पिंपांच्या फळ्या वाकवायचास, संध्याकाळी आपण दोघं त्यांच्या शिव्या खात मैदानाला फेऱ्या मारायचो. आई तर आपल्या दोघांनाही आठवत नव्हती, माझी मला नाही आणि अनाथालयातून आमच्या घरी आलेल्या तुला तुझी नाही. घरात तीन पुरुष, एक चूल आणि बाबांचं ते करपलेलं घेवड्याचं कालवण.

मग एकोणपन्नास साली मी शहरात जाऊन तेरा गड्यांच्या रग्बीच्या क्लबात नाव घातलं. लोक अजून म्हणतात पगारासाठी गेला. पगार होता, नाही कसं म्हणू? पण पहिल्या दिवशी त्या मैदानावर उभा राहिलो आणि वाटलं, दोन गडी कमी केले तर केवढी जागा होते! झटापट नाही, ढिगाऱ्याखाली घुसमटणं नाही. चेंडू हातात आला की समोर मोकळं रान. मी चोवीस वर्षांचा होतो रे. मला पळायचं होतं.

बाबांना हे सांगणार कसं? महायुद्धाच्या दिवसांत सरकारने तेराच्या खेळावर बंदी घातली, त्यांची मैदानं काढून घेतली, तेव्हा बाबांनी आनंदाने वाइनची बाटली उघडली होती. निघायच्या दिवशी मी पिशवी भरत होतो आणि ते दारात उभे होते.

"तिकडे गेलास की पंधराचं दार तुला जन्मभर बंद. माहितेय ना?"

"क्लबचं दार ना, बाबा?"

"मी क्लबचा अध्यक्ष आहे," ते म्हणाले आणि कामावर निघून गेले.

तू पिंपामागे उभा होतास. मी तुला हाक मारली, तू हातोडा आपटत राहिलास.

त्यानंतरची बारा वर्षं तू पेपरात वाचली असशील. शहरातला क्लब, मग देशाचा संघ, मग ऑस्ट्रेलियाचा दौरा. सिडनीला आम्ही जिंकलो तेव्हा हॅट घातलेले हजारो लोक उठून उभे राहिले आणि परक्या माणसांसाठी टाळ्या वाजवत राहिले. त्या गर्दीत मी येड्यासारखा आपल्या गावचा चेहरा शोधत होतो. एका सोनेरी केसांच्या म्हाताऱ्याच्या मिशा बाबांसारख्या होत्या. त्याच्याकडे बघून मी हात केला. त्यानेही केला. बिचाऱ्याला काय कळलं असेल!

गुडघा गेला तसा मी परत आलो. सासऱ्यांचा, सिदोनीच्या वडिलांचा, मळा गावाच्या वेशीला, म्हणजे बाबांच्या दारापासून हाकेच्या अंतरावर. हाक मात्र कुणीच मारली नाही. चर्चमध्ये बाबा एका बाजूला, मी दुसऱ्या. तू मधे कुठेतरी, मान खाली घालून.

आणि मग बासष्टचा वसंत. त्या वर्षी निम्मी पोरं अल्जीरियाच्या लढाईवर. क्लबला दोनदा पंधरा गडी जमवता आले नव्हते. तिसऱ्यांदा जमले नाहीत तर नाव कायमचं कटणार. कसेबसे पंधरा भरले, तर तू शिडीवरून पडून खांद्याचं हाड मोडून घेतलंस. दुष्काळात तेरावा महिना तो हा!

शनिवारी मी वेली बांधत होतो. मान वर केली तर बाबा बांधावर उभे. टोपी हातात. बारा वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलत होते, तेही माझ्याकडे न बघता, वेलींकडे बघत.

"एक माणूस कमी आहे."

"माझं दार बंद आहे ना, बाबा?"

"तुझं आहे. प्रॉस्पेरचं उघडं आहे." त्यांनी तुझं ओळखपत्र वेलीच्या खुंटावर ठेवलं. "फोटो जुना आहे. टोपी घाल, बोलू नकोस. आणि ही गाठ सैल बांधलीस, वाऱ्याने सुटेल."

गाठ पुन्हा त्यांनीच बांधली आणि गेले.

त्या सामन्याचं काय सांगू, तू तर गळ्यात हात बांधून रेषेवर बसला होतास. पहिल्यांदाच मला पाडलं आणि अंगवळणी पडलेलं आपसूक घडून गेलं: चेंडू घेऊन उभा राहिलो, खाली ठेवला आणि टाचेने मागे ढकलला. तेराच्या खेळात करतात तसं, अगदी झोकात! पंच माझ्याजवळ आला, ओळखपत्रावरचं नाव आठवत आठवत म्हणाला, "प्रॉस्पेर, ही खोड कुठून लागली?" मी म्हटलं, "पडलो, साहेब, डोक्यावर." तेवढ्यात फुल्क्रां, वीलसेकचा कप्तान, पोट धरून हसायला लागला. "अहो, हा तर चक्क तेरावाला!" आता संपलं, असं मला वाटलं. पण तो पंचाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ द्या, साहेब. आमचा शेवटचा गडी ज्याच्या नावाने खेळतोय ना, त्याला आम्ही नाताळात पुरलाय. खेळू द्या सगळ्यांना."

आपण हरलो. पण पंधरा जण उतरले होते, क्लब वाचला. मला त्यातलं एकच आठवतं. उत्तरार्धात उजव्या कडेला फट दिसली आणि मी घुसलो. गुडघा ओरडत होता. आणि कडेने, रेषेच्या बाहेरून, कुणीतरी माझ्याबरोबर धावत होतं. चौसष्ट वर्षांचा माणूस, कामाचे जाड बूट घालून, टोपी उडालेली, गळ्याच्या शिरा फुगवून ओरडत होता, "पळ, प्रॉस्पेर! पळ माझ्या राजा!"

सिडनीचे ते सगळे हॅटवाले मी या एका हाकेवरून ओवाळून टाकले. नाव तुझं होतं, हे खरं.

नंतर बाबा आमच्याकडे जेवायला यायला लागले आणि त्यांनी मला पुन्हा एलोई म्हणून हाक मारली नाही. प्रॉस्पेरच. आधी गंमत म्हणून, मग सवय म्हणून. "प्रॉस्पेर, मीठ दे," म्हणाले की तू आणि मी एकदमच हात पुढे करायचो आणि सिदोनी म्हणायची, "दोन प्रॉस्पेर, पण उठून भांडी घासेल तो एकही नाही." चांगले दिवस होते ते. तू तुलूझला गेलास तेव्हा दोन दिवस ते जेवायला आले नव्हते.

प्रॉस्पेर, आता लिहायलाच हवं. चार पानं मी गुडघा, वाइन आणि फुल्क्रां करत बसलोय.

बाबा गेले. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात. मी तेव्हाच फोन केला होता. ओदील रडायला लागली. तुझं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, डोळ्यात पाणी येता कामा नये असं डॉक्टरांनी बजावलंय म्हणाली. मीच तिला म्हटलं, सांगू नकोस. तिच्यावर रागावू नकोस. तुझ्या नावाची मूठभर माती मी टाकली. सगळा क्लब आला होता. शहरातले माझे तेराचे दोस्तही आले आणि चर्चच्या मागच्या बाकांवर गुपचूप बसले.

त्रास फार झाला नाही. शेवटी शेवटी माणसं ओळखेनासे झाले होते. आदल्या दिवशी दुपारी मी उशाशी बसलो होतो. त्यांनी माझा हात धरला.

"प्रॉस्पेर."

"काय, बाबा?"

"एलोई भेटला का रे?"

मला वाटलं, ते चेष्टा करताहेत. पण डोळे दुसरीकडेच होते. माझ्या हातावर त्यांचा अंगठा फिरत होता, कामाचा हात चाचपून बघावा तसा. तुझा हात शोधत होते ते.

"त्याला पुन्हा एकदा सांगून बघ," म्हणाले. "मागे तू सांगितलंस तेव्हा तो आला नाही. रागावला असेल. म्हणावं, खेळ कुठलाही खेळ, जेवायला घरी येत जा."

मी म्हटलं, "सांगतो, बाबा."

"येईल का?"

"येईल."

मग झोपले. सकाळी उठले नाहीत.

प्रॉस्पेर, तू मला कधीच काही सांगितलं नव्हतंस.

छाटणी करताना, विहिरीवर, जेवताना, मी हे उलटसुलट करून पाहतोय. कदाचित तो म्हाताऱ्याच्या मनाचा खेळ असेल. निरोप द्यायचं त्यांच्या मनात होतं आणि शेवटी तो दिलाच असं त्यांना वाटलं असेल. नाहीतर त्यांनी खरंच दिला असेल. त्या बारा वर्षांत कधीतरी, फळी तासता तासता, वर न बघता. आणि तू तो गिळलास. तसं असेल, तर मला तो पोरगा दिसतो, आमच्या चुलीपाशी पहिल्यांदा स्वतःची गादी मिळालेला, जो मी परत आलो तर ती उचलावी लागेल म्हणून घाबरलेला. त्या पोरावर राग धरायला मी बसलो होतो. दोन रात्री बसलो. जमलं नाही. पण नुसतं सोडूनही देता येत नाही, कारण बारा वर्षं फार असतात रे.

याचं उत्तर पत्राने पाठवू नकोस. कागदावर माणूस नीटनेटकं खोटं बोलतो, आणि नीटनेटकं खरंसुद्धा. तू ये. बाबांची हत्यारं पडून आहेत. कुठला रंधा कशाचा, हे तुझ्याशिवाय कोणाला कळत नाही आणि मी ती विकू देणार नाही. डोळ्याला प्रवास चालतो का, डॉक्टरांना विचार. कार्कासोनच्या स्टेशनवर मी गाडी घेऊन येईन.

तू आलास की मी तो विषय काढणार नाही, असं वचन देत नाही. काढेन बहुतेक. पण दारात नाही. आधी हातपाय धू, जेव, एक झोप काढ. सिदोनीने तुझी खोली झाडून ठेवलीय.

रडलास तर उजव्या डोळ्याने रड. तो चांगला आहे.

वाट पाहतोय.

तुझा,
आणि त्यांचाही,
एलोई