दहा मिनिटं, चहा घ्या

मॅडम,

गेल्या रविवारी मी लॅबचा सर्व्हर बंद करून परत चालू केला. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "एवढी वर्षं काय पूजा करत होतीस का गं त्याची?" तर हो, थोडीफार पूजाच चालली होती.

मी घाटकोपरच्या लॅबमध्ये नवी होते तेव्हाचं तुम्हाला आठवत असेल. सर्व्हर वर्षभरात एकदाही बंद पडला नव्हता आणि तो आकडा मी तुम्हाला मोठ्या कौतुकाने दाखवला होता. "झकास ना, मॅडम?" तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "झकास काय त्यात? चालू आहे हे तुला माहीत आहे. बंद केला तर परत उठतो का, हे माहीत आहे?" मी नकारार्थी मान हलवली. "मग ते तुला एखाद्या सोमवारी सकाळी कळेल, काउंटरवर माणसं तुंबलेली असताना." आवाज न चढवता सालटं काढायची तुमची ही पद्धत होती. सगळीकडे ही कामं रात्री करतात, तुम्ही ती तेव्हापासून रविवारी दुपारी करायला लागलात, सकाळची सँपल्स संपली की. रात्री करणाराही पेंगत असतो आणि ज्याला फोन लावायचा तोही, असं तुमचं म्हणणं. सगळ्यांचा रविवार बुडवला म्हणून मुलुंडहून वालाच्या बिरड्याचा मोठा डबा मांडीवर धरून आणायचात. आधी जेवण, मग रीबूट.

त्या शेवटच्या रविवारी मी तुमच्या शेजारी उभी आहे. एसीच्या खोलीत, तुमच्या अंगात तो राखाडी स्वेटर. सर्व्हरलाच जोडलेल्या छोट्या स्क्रीनवर तुम्ही बंद करायची आज्ञा टाइप करताय, आणि तिच्या शेवटी सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर दिसणारा निरोप, इंग्रजी अक्षरांतलं मराठी: दहा मिनिटं, चहा घ्या. बोट एंटरवर आहे. तेवढ्यात बाहेरून आपला टेक्निशियन ओरडतो, "मॅडम, थांबा ना! एक अर्जंट आलंय, लहान मूल आहे." तुम्ही बोट उचललंत. "राहू दे. पुढच्या रविवारी बघू." स्क्रीन तेवढी बंद केलीत, स्वेटर खुंटीला लावलात आणि रक्त तपासायच्या खोलीकडे गेलात. बुधवारी सकाळी तुमच्या मुलाचा फोन आला. ओट्यापाशी उभ्या होतात म्हणे.

तुम्ही लॉग-आउट केलं नव्हतंत. सर्व्हरवर कोण कोण आहे ही यादी मी रोज सकाळी काढते आणि रोज तुमचं नाव माझ्या नावाच्या वर दिसायचं. सर्व्हर बंद केला की ते जाणार, म्हणून मी केला नाही. बाकीच्यांना मी दुसरी कारणं दिली आणि त्यांनाही हात लावायची भीती होतीच, त्यामुळे कुणी फार विचारलं नाही. ऑडिटला आलेल्या माणसाने नावावर बोट ठेवून विचारलं, "ह्या कामावर आहेत का?" मी म्हटलं, "रजेवर आहेत." हळूहळू त्या रिकाम्या खोलीत शिरताना मी दारावर टकटक करायला लागले. कधी लागले तेही कळलं नाही.

मग तुम्ही म्हणाला होतात तो सोमवार आला. सर्व्हर अडकला, एकही रिपोर्ट निघेना. काउंटरवर एक माणूस काच ठोकत होता, "ताई, आईला ऑपरेशनला आत घेतलंय, डॉक्टर पोटॅशियम विचारतायत. मी काय सांगू त्यांना?" टेक्निशियनने आकडा हाताने लिहून दिला आणि तो माणूस कागद घेऊन धावत सुटला. मला त्याच्याकडे बघवेना. एका मेलेल्या बाईचं नाव राहावं म्हणून मी त्याच्या जिवंत आईला ताटकळत ठेवलं होतं.

दुपारपर्यंत सर्व्हर आपोआप सुटला, पण मी येता रविवार ठरवून टाकला. बिरडं मला जमत नाही. रविवारी फरसाणवाल्याकडून ढोकळा आणला. सगळे जेवल्यावर आत गेले, टकटक करूनच, आणि स्क्रीन लावली. तुमची ओळ तिथेच होती, शेवटी कर्सर लुकलुकत होता. मी एंटर दाबलं. टेक्निशियन धावत दारात, चेहरा पांढराफटक. "मॅडमचा मेसेज आलाय. चहा घ्या म्हणतायत." चहाला कुणीच उठलं नाही. दहा मिनिटांनी पंखे थांबले. त्या खोलीत खालच्या रिक्षांचा आवाज येतो हे मला पहिल्यांदाच कळलं. सर्व्हर लगेच उठेना, आणि मी खुंटीवरच्या स्वेटरची बाही धरून उभी राहिले. मग एकेक दिवा लागला. यादी काढली. एकटं माझं नाव होतं.

हे पत्र पाठवता येईल, मॅडम. सर्व्हरवरचं तुमचं खातं, मेलसकट, मी अजून बंद केलेलं नाही. पण ते पोचेल, आणि न वाचलेलं म्हणून मला रोज दिसत राहील. म्हणून नाही पाठवत.

सर्व्हर कुणी बंद केला, याच्यापुढे तुमचं नाव नोंदलं गेलंय. मॅडमचं राहिलेलं काम त्यांच्याच हातून व्हावं म्हणून तसं केलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. टेक्निशियनने तर डोळे पुसले. खरं तुम्हाला सांगते. सर्व्हर परत उठला नसता तर नाव तुमचं लागावं, म्हणून केलं.